मारवा-दरबारी: जुनी एलपी, नवी छपाई की सीडी?

या आठवड्याच्या मालात चार गठ्ठे आहेत. पहिल्यात एच.एम.व्ही.च्या जुन्या एलपी. त्यांत ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० ची मारवा-दरबारी (ईएएलपी १२५३), तीही दोन प्रतींत, आणि १९६८ ची ललित-मेघ (ईएएसडी १३३१). दुसऱ्यात परदेशात नव्याने छापलेल्या जाडजूड शास्त्रीय एलपी. तिसऱ्यात सीडी, त्यांत मारवा-दरबारीही आली आहे. चौथ्यात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या. इंदूर हे खाँसाहेबांचं गाव, त्यांच्या नावाचा समारोह इथे होतो, तेव्हा रामबागेपासून सुदामानगरापर्यंतच्या श्रोत्यांचा पहिला हात त्यांच्याच रेकॉर्डकडे जाणार. आणि पहिला प्रश्नही ठरलेला: घरी ठेवायला यातलं नेमकं काय घ्यावं?

पैसे, जागा, यंत्र हे सगळं येईलच. पण ख्याल ऐकणाऱ्याने आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही आणि लेबलाजवळही. फेरे तेवढेच, पण फेऱ्याची लांबी वेगळी. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटाकडे जेमतेम २१. म्हणजे एका सेकंदाचा ध्वनी शेवटी निम्म्याहून कमी जागेत बसवलेला असतो. खाचेची वळणं इतकी बारीक होतात की गोल टोकाची साधी सुई त्यांत नीट उतरत नाही आणि आवाज फाटायला लागतो. सिनेमाच्या एलपीत शेवटी एखादं संथ गाणं टाकून हे निभावता येतं. ख्यालाची बढत, म्हणजे संथ सुरुवातीपासून जलद शेवटाकडे वाढत जाणं, मात्र नेमकी उलटी. खाँसाहेब झुमरा तालाच्या अतिविलंबित लयीत ‘पिया मोरे अनत देस’ मंद्रातून उलगडत असतात तेव्हा सुईला ऐसपैस जागा असते. ‘गुरु बिना ग्यान न पावे’च्या द्रुतात सरगम आणि ताना सुरू होतात तेव्हा ती सगळ्यात अडचणीच्या जागी पोचलेली असते.

सुरुवातीचा त्रास वेगळा. बाहेरची कड सगळ्यांत जास्त हाताळली जाते, सुई चुकून पडते तीही तिथेच, आणि गाण्यातला सगळ्यात शांत भागही तिथेच असतो. नुसता तानपुरा आणि खर्जातला एक स्वर चालू असताना प्रत्येक ‘टक’ कानात शिरतो.

म्हणून ख्यालाची कुठलीही प्रत पारखताना पहिली दोन मिनिटं आणि शेवटची चार मिनिटं ऐका. मधलं सहसा ठीकच असतं.

जुनी एलपी: दोन प्रती, दोन स्वभाव

मारवा-दरबारीच्या दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या की हे लगेच पटतं. पहिलीचं कव्हर चकचकीत, कोपरे शाबूत, मागे शाईने लिहिलेलं घराण्याचं आडनाव. तबकडी वरून काळीभोर दिसते. पण टॉर्च तिरपा धरून बघितलं तर लेबलाच्या आधीच्या दोनेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात खाचा करड्या झाल्या आहेत. मधल्या भोकाभोवती लेबलावर बारीक चकाकत्या रेषांचं जाळं आहे. हे प्लेअरची दांडी भोकात शोधताना झालेले ओरखडे, म्हणजे रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली. करडेपणा हा धुळीचा नव्हे. जड हाताच्या प्लेअरवर, सिरॅमिक काट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) पाच-सहा ग्रॅम दाबाखाली वर्षानुवर्षं वाजली की सुई खाचेच्या भिंती अशा घासून टाकते. ही झीज धुऊन जात नाही आणि महागड्या सुईनेही भरून येत नाही. द्रुतातल्या ताना इथे चरचरतात.

दुसरीचं कव्हर कसरीने खाल्लेलं, पाठीचा कणा सुटलेला. मारव्याच्या बाजूला कडेपासून आत जाणारा एक ओरखडा आहे. तो आठ फेरे वाजतो. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, तेव्हा साधारण साडेचौदा सेकंद टकटक. त्यानंतर शेवटपर्यंत स्वच्छ. द्रुतात सरगमचं अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं.

घ्यायची ती दुसरी, यात आम्हाला शंका नाही. ओरखडा डोळ्याला दिसतो आणि कानाला मोजका छळतो. झीज डोळ्याला सहज दिसत नाही आणि गाण्याचा कळस खाऊन टाकते. कव्हरच्या देखणेपणावर भाव ठरवण्याची सवय ज्यांना आहे त्यांना हे उलटं वाटेल, पण वाजतं ते कव्हर नव्हे.

आणखी एक: दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. मारवा दिवेलागणीचा, दरबारी रात्र चढल्यावरचा. ज्या घरात वेळा पाळून ऐकायची पद्धत होती तिथे एक बाजू झिजलेली आणि दुसरी जवळजवळ कोरी, असं होऊ शकतं.

ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ, हा फरक घेण्याआधी लक्षात घ्या, कारण वाजवायची पद्धत बदलते. मोनो रेकॉर्डची खाच फक्त आडवी हलते. धूळ आणि झीज मात्र सुईला वर-खालीही उडवतात आणि स्टिरिओ काट्रिज ते सगळं इमानदारीने ऐकवतं. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा; दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की वर-खालीचा आवाज एकमेकांना मारतो आणि खरखर एका झटक्यात निम्म्यावर आल्यासारखी वाटते. बटण नसेल तर दोन वाय-केबल घ्या, एक दोनाची एक करणारी आणि एक एकाची दोन करणारी. जेल रोडवर कुठेही मिळतात. टर्नटेबल आणि फोनो इनपुटच्या (अँप्लिफायरवरच्या टर्नटेबलसाठीच्या जोडणीच्या) मध्ये जोडायच्या. ललित-मेघ वाजवताना हे काढून टाका.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि ऐंशीतल्या प्रती घेताना कान जास्त तिखट ठेवा. तोच क्रमांक पुन:पुन्हा छापला जायचा, आणि पुढच्या काळातल्या बऱ्याच प्रतींत पुन्हा वितळवलेला माल असल्याने कोऱ्या तबकडीतही बारीक सळसळ असते. ती धुतल्याने जात नाही. आधीच्या छपाईची तबकडी हातात जड लागते. वजन ही पक्की खूण नव्हे, पण दोन प्रतींत निवडायचं असेल तर उपयोगी पडते.

नवी छपाई

नव्या एलपीचा मोठा गुण म्हणजे शांतता. पहिली दोन मिनिटं तानपुरा एकटा असतो तेव्हा हे सुख कळतं. १८० ग्रॅम वजनामुळे तबकडी सहज वाकत नाही, कव्हर कोरं, आतली पिशवी बहुधा चांगली. पण वजनाने आवाज सुधारत नाही. मूळ टेप कुठली वापरली, ती कोणी आणि कशी साफ केली, यावर सगळं ठरतं. कव्हरच्या मागे याबद्दल चकार शब्द नसेल तर ती सीडीसाठी केलेली डिजिटल प्रतच व्हिनाइलवर उतरवलेली असू शकते. मग तेवढ्याच पैशांत सात-आठ सीडी आल्या असत्या.

नव्या मालात एक दोष मात्र शास्त्रीय संगीताला फार बाधतो: भोक मध्यात नसणं. ते एक मिलिमीटर सरकलेलं असलं तर कडेला स्वर ०.७ टक्के वर-खाली होतो, लेबलाजवळ १.७ टक्के. १.७ टक्के म्हणजे सुमारे ३० सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट), एका श्रुतीच्या आसपासचं अंतर. पॉप गाण्यात हे खपून जातं. इथे मात्र गायक षड्जावर अचल उभा असतो आणि तो षड्ज दर १.८ सेकंदांनी झुलतो. दरबारीत तर गंधार-धैवताचं आंदोलन हाच रागाचा जीव. गायकाने न घेतलेलं आंदोलन तबकडी घेऊ लागली तर नवख्या विद्यार्थ्याच्या कानात चुकीची गोष्ट कायमची बसते. तपासणं सोपं आहे: रेकॉर्ड वाजत असताना वरून न बघता टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाकडे समोरून बघा. ते प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. किंचित डुलणं चालतं; नजरेला सहज दिसेल एवढं डुलत असेल तर परत करा. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे. ते थोडं असलं तर सुई सांभाळून नेते.

पाकिटातून काढल्यावर नवी रेकॉर्डही एकदा पुसायची. छपाईची भुकटी आणि कागदाचे तंतू खाचेत असतात, आणि इंदूरच्या कोरड्या हिवाळ्यात स्थिर विजेने ते आणखी चिकटतात.

सीडी

सीडीचा गुण सांगायला फार शब्द लागत नाहीत. तिच्यावर ७४ ते ८० मिनिटं मावतात, तेव्हा मारवा आणि दरबारी दोन्ही बाजू सहज बसतात. शेवटचं द्रुत पहिल्या आलापीइतकंच स्वच्छ, कारण आतल्या कडेचा प्रश्नच नाही. खाँसाहेबांची सरगम शिकणाऱ्यासाठी, पुन्हा मागे जाऊन तीच तान दहा वेळा ऐकणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. एलपीवर तोच तुकडा दहा वेळा सुई टेकवून ऐकणं म्हणजे नेमक्या त्या जागी रेकॉर्ड मारणं.

दोष एकच, पण तो आहे. जुन्या टेपची सळसळ काढताना तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, हीसुद्धा निघून जाते. गवय्या श्वास घेतो त्या क्षणी नीट ऐका. तानपुऱ्याचा नाद त्याच भरदारपणाने चालू राहिला तर सफाई बेताची आहे. नाद पाण्याखालून आल्यासारखा गढूळ, घुसमटलेला वाटला, किंवा गाणं सुरू होताच सळसळ वाढून थांबताच एकदम नाहीशी झाली, तर हात जास्त चालवलाय. मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जही खाँसाहेब फार जपून देतात. आधार असतो तो तानपुऱ्याच्या स्वयंभू स्वरांचाच, आणि म्हणून ही सफाई या रागात जास्त बोचते. काही सीडींत मोनो ध्वनीला ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असतं, वर थोडी गुंज घातलेली. हेडफोन लावून ऐका: आवाज डोक्याच्या मध्यभागी असेल तर मोनो जसाच्या तसा ठेवलाय, दोन्ही कानांकडे पसरलेला, पोकळ वाटला तर नको.

जुन्या सीडी घेताना छापील बाजू उजेडाकडे धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथला धातूचा थर गेला आहे, आणि तो परत येत नाही. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने कमी घातक. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवून नाही.

७८ बद्दल थोडक्यात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्याचं एक आवर्तनच जवळजवळ मिनिटभराचं. त्यांचं गाणं या मापात मावणारं नव्हेच. ७८ घ्यायच्या तर अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, बालगंधर्वांच्या घ्याव्यात, ज्यांनी त्या तीन मिनिटांत अख्खं विश्व उभं केलं. पण एलपीच्या सुईने त्या वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची १८ ते २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकवते. सुई बदलता येत नसेल तर या गठ्ठ्याकडे वळू नका.

यंत्र आधी बघा

पुष्कळदा रेकॉर्ड निर्दोष असते आणि दोष घरच्या यंत्रात असतो. अमेरिकेतून मुला-मुलीने आणलेलं जुनं टर्नटेबल इंदुरात लावलं की दोन गोष्टी होतात. ते ११० व्होल्टचं असतं, त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण जुनी सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झवर चालायला बनवलेली असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ती हळू फिरते. ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे, म्हणजे स्वर तीन पट्ट्यांहून जास्त खाली. ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही. ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते. वेग तपासायची कागदी स्ट्रोब चकतीही आपल्या विजेसाठी १८० रेघांची लागते. २१६ रेघांची चकती ६० हर्ट्झची. तिच्यावर भरवसा ठेवलात तर बरोबर वेगालाही चूक समजाल. साधा उपाय असा, की त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी आणि एलपी दोन्ही वाजवून मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी षड्ज जुळवून बघायचा. पट्टा सैल होऊन वेग तीन टक्के कमी झाला की स्वर अर्धी पट्टी उतरतो.

टर्नटेबल अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये (इतर यंत्रांसाठीच्या साध्या जोडणीत) थेट लावू नका. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तारस्वर वाढवून ठेवलेला असतो. फोनो प्रीअँप तो पूर्ववत करतो. तो नसेल तर आवाज बारीक, किनरा येतो, आणि खाँसाहेबांचा मंद्र सप्तकच गायब होतो. टर्नटेबलला अंगभूत प्रीअँप असेल तर मागचं बटण ‘लाइन’वर आणि जोडणी ऑक्समध्ये, बाहेरचा किंवा अँप्लिफायरचा फोनो वापरत असाल तर बटण ‘फोनो’वर. दोन्हीकडचे प्रीअँप एकदम लागले तर आवाज घुमतो आणि फाटतो.

सुईवर मात्र पैसे वाचवू नयेत. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत काट्रिज तेच ठेवून सुई बदलता येते, म्हणून ती ख्याल ऐकणाऱ्याला सोयीची. गोल टोकाची ९५ सी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ५०० तास चालते, लंबगोल ९५ ई ३०० तास, मायक्रोलिनिअर ९५ एमएल १,००० तास. तासांच्या हिशेबात महागडी एमएल तितकी महाग पडत नाही, आणि शेवटच्या चार मिनिटांतला फरक तिच्यातच ऐकू येतो. दाब तिघींना २ ग्रॅम. मोजायला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा हवा, सराफ्यात बघता तशा जातीचा. फक्त वरची ताटली लोखंडी नको, कारण काट्रिजमधलं चुंबक तिला खेचतं आणि आकडा खोटा येतो. ‘सुई घासू नये म्हणून’ दाब दीड ग्रॅमवर आणू नका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

धुणं आणि ठेवणं

व्हिनाइलसाठी ८०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंग-सुगंध नसलेल्या भांड्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून उभी वाळवायची. नर्मदेचं नळाचं पाणी नको; त्यातले क्षार खाचेत वाळले की नवी खरखर सुरू. आणि हे मिश्रण ७८ वर चुकूनही टाकू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलं की तबकडी संपली. तिला अल्कोहोलशिवायचं पाणी आणि झटपट कोरडं करणं, बस.

पावसाळ्यात जुन्या कागदी पिशव्यांना बुरशी धरते आणि ती रेकॉर्डवर पांढुरक्या ठिपक्यांनी उतरते. पिशवी फेकायची, कव्हर ठेवायचं, पॉलिथिनची नवी पिशवी घालायची. मऊ, चिकट वासाच्या पीव्हीसी पिशव्या टाळा, त्यांनी तबकडीवर धुरकट डाग पडतो. रेकॉर्ड उभ्या, दाटीत पण हाताला सहज निघतील अशा. मे महिन्यात काच बंद केलेल्या गाडीत दुपारी अर्धा तासही नको; घरी नेईपर्यंत बशी झालेली असते.

मग कोणी काय घ्यावं? गाणं शिकत असाल तर सीडीच, आणि उरलेल्या पैशांत चांगले हेडफोन. प्लेअर आहे, मोनोचं बटण आहे, आणि जुना ध्वनी जसा होता तसा हवा आहे, त्याने कसर लागलेली प्रत घ्यावी आणि कव्हर बाइंडरकडून सांधून घ्यावं. नवी छपाई घेणाऱ्याने आधी टोनआर्मचं डुलणं बघावं, पैसे मग मोजावेत. सूटकेसवाला प्लेअर असेल तर जुन्या मोनो प्रतीला हात लावू नका. त्या जड सुईखाली चांगली प्रत जाण्यापेक्षा ती दुसऱ्या घरी गेलेली बरी. ललित-मेघ मात्र आषाढ लागायच्या आत ऐकून घ्या. तिची एकच प्रत आहे, मेघाची बाजू शेवटच्या खाचेपर्यंत काळीभोर आहे, आणि दोन्ही लेबलांवर दांडीचा एकही ओरखडा नाही.